राजुरास कोळसा

इंग्रजी भाषेच्या सहवासात आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे घालवल्यानंतर माझी अशी पक्की खात्री झाली आहे की, त्या भाषेतील अवघड म्हणून जे शब्द शाळेत आपणांस भिवविण्याकरिता दाखवले जातात ते मुळीच अवघड नसतात, आणि सोपे म्हणून जे पहिल्याच इयत्तेत आपल्या पदरात टाकले जातात त्यांच्याइतके दगलबाज शब्द भूतलावर अन्यत्र कोठे नसतील. लांबलचक लॅटिन शब्द हा मामलेदारासारखा असतो. तो पट्टेवाला पुढे घालून, आगाऊ वर्दी देऊन, ठरल्या वाटेने येतो आणि कोशात ठरल्या पानावर मुक्कामास सापडतो. याउलट गेट, पुट, टेक, सेट ही चिमुकली पोरे एकेकटी असताना शेजारणीने कडेवर घ्यावीत इतकी निरागस दिसतात; परंतु अप, ऑफ, आउट, इन यांपैकी एखाद्या उनाड सोबत्याची गाठ पडली की ती कोणाच्या आंब्यावर चढतील याचा नेम राहत नाही.

ही खात्री मला ऑक्सफर्डास किंवा केंब्रिजास झालेली नसून यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या शेजारी असलेल्या राजूर या गावी झाली, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. राजूर म्हणजे एका अंगास कोळशाची खाण आणि दुसऱ्या अंगास चुन्याच्या भट्ट्या. विधात्याने एकाच शिवाराच्या पोटात काळा आणि पांढरा असे दोन्ही रंग भरून ठेवलेले, आणि वर राहणाऱ्या प्रजेस त्यांपैकी कोणत्या रंगाने अंग माखून घ्यायचे एवढेच काय ते स्वातंत्र्य दिलेले. इंग्रजांनी आमच्या मुलखाशी जी भाषिक देवघेव केली तिचा श्रीगणेशाच मोठा विलक्षण आहे. वणी हे साधे दोन अक्षरांचे नाव त्यांनी डब्ल्यू-यू-एन असे लिहिले, आणि त्या नावाचा अख्खा जिल्हा कित्येक वर्षे चालवला. पुढे १९०५ साली जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, तेही त्यांनी मध्ये एक ‘ई’ आणि एक ‘ओ’ विनाकारण कोंबून लिहिले. ज्यांना आमच्या गावांची नावे धड लिहिता आली नाहीत त्यांच्याच भाषेच्या शुद्धलेखनात आम्ही नापास होत होतो, हा न्याय मला कधीच उमगला नाही. लोकनायक बापूजी अणे १८८० साली याच वणीत जन्मले. इंग्रजीत भल्याभल्यांशी वादविवाद करणाऱ्या या गृहस्थांनी लोकमान्यांचे चरित्र लिहावयास घेतले तेव्हा ते संस्कृत श्लोकांत लिहिले. यामागे इंग्रजी वाक्प्रचारांचा काही हात असावा, असा माझा जुना वहीम आहे.

माझे इंग्रजी शिक्षण वणीस झाले, आणि त्याची शिदोरी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला व रेन आणि मार्टिन या जोडगोळीचे व्याकरण. यांपैकी रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि वाळवंटात लढणाऱ्या फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर त्यांनी लिहिलेली ‘बो जेस्ट’ ही कादंबरी १९२४ साली निघून जगभर गाजली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि कळले तेव्हा, ज्या इसमाने पलटणीच्या शिपायांना पाण्याच्या थेंबावाचून वाळूत तडफडत ठेवले त्याच्याच व्याकरणाने आम्हां पोरांपुढे वाक्प्रचारांची ती न संपणारी याद पसरावी, यात मला तिळमात्र आश्चर्य वाटले नाही.

आमचे मास्तर ती याद पाढ्यांप्रमाणे म्हणवून घेत. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, आणि मध्ये आमची मान डोलणारी. परंतु पाठांतराने अर्थ कळला तरी तो पटेलच असे नाही, आणि वणी तालुक्याच्या हवेत इंग्लंडातले शहाणपण पटणे हे तर फारच दुर्घट. ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, असे इंग्रज आपल्या मुलांना बजावतो. कारण त्याच्या देशी ऊन हा आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा, तो उठून जाण्याच्या आत त्याच्याकडून काम करवून घेणे प्राप्त असते. आमच्याकडे चैत्रापासून पारा चढू लागतो, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची वेस ओलांडतो, आणि गवतच काय, विहिरी वाळवून ठेवतो. आमच्या वडीलधाऱ्यांची ताकीद याच्या अगदी उलट असे: ऊन तापायच्या आत काय ते उरकून घ्या आणि मग मुकाट्याने सावलीत पडा. तीच गत ‘उबदार स्वागता’ची. भर वैशाखात बैलगाडीतून उतरलेल्या व्याह्याचे आम्ही उबदार स्वागत केले असते तर सोयरीक ओट्यावरच मोडली असती. त्याच्यापुढे माठातले वाळा घातलेले पाणी ठेवायचे असते, म्हणजे त्याचा जीव निवतो, डोळे थंड होतात, आणि तो तुमच्या सात पिढ्यांस थंडावा चिंतितो. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांमधून जो ‘थंड खांदा’ इंग्रजीत रूढ झाला आणि ज्याचा अर्थ आम्ही ‘उपेक्षा करणे’ असा पाठ केला, तसला एखादा थंडगार खांदा राजुरात मे महिन्याच्या दुपारी कोणी पुढे केला असता, तर त्यावर डोके टेकून घटकाभर झोप घेण्यासाठी रांग लागली असती.

गडगडणाऱ्या दगडावर शेवाळ साचत नाही, ही म्हण तर मी शाळेत तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा निरनिराळे गुण मिळवले. शेवाळ साचणे ही भाग्याची खूण की दुर्भाग्याची, याचा निर्णय इंग्रजांत अद्याप झालेला नाही. जुने लोक शेवाळास संपत्ती समजत आणि नव्यांना ते कुजकेपण वाटते. विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून जो एकदा तोंडघशी पडला आहे, त्याचे मत मात्र पक्के झालेले असते. (कुत्र्यामांजरांच्या पावसाविषयी मी येथे काहीही लिहिणार नाही. इंग्रजी वाक्प्रचारांवर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाने ती जनावरे आजवर इतकी झोडपली आहेत की आता त्यांना आसरा देणे हाच धर्म होय.)

या साऱ्या यादीत एक वाक्प्रचार मात्र असा निघाला की जो ऐकताच मी बाकावरून उठून उभा राहिलो. ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे.’ मास्तर सांगत होते की, इंग्लंडच्या उत्तरेस टाइन नदीच्या काठी न्यूकॅसल नामक नगर आहे, त्याच्या आसपास कोळशाच्या खाणीच खाणी आहेत, तेथून शेकडो वर्षे गलबते भरभरून लंडनास कोळसा जात आलेला आहे, आणि अशा ठिकाणी जो कोणी बाहेरून कोळसा घेऊन जाईल त्याच्याइतका निरर्थक उद्योग करणारा प्राणी दुसरा नाही. प्राचीन ग्रीक लोक याच अर्थाने ‘अथेन्सला घुबडे नेणे’ असे म्हणत. घुबडांचे मला काही वाटले नाही. पण कोळसा! ज्याच्या धुळीने माझ्या सदऱ्याची कॉलर दर सोमवारी काळी होत असे, त्या कोळशावर इंग्रजांची म्हण असावी, आणि ती पाठ न करता मला समजावी! मी म्हणालो, “गुरुजी, म्हणजे राजुरास कोळसा.” मास्तर प्रसन्न झाले. “शाबास,” ते म्हणाले, “अगदी बरोबर. परीक्षेत मात्र न्यूकॅसलच लिही.”

१९६१ साली मी खाणीच्या कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झालो. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ सालचे; तोवर मालक कंपनी, आणि कंपनीची भाषा इंग्रजी. कचेरीत पहिल्याच आठवड्यात माझी ‘पुट अप’ या जोडशब्दाशी ओळख झाली. फायलीवर साहेबांचा शेरा येई, ‘पुट अप’, म्हणजे सादर करा. आणि कधी त्याहून लांब शेरा येई, ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’, म्हणजे मागील कागदांसह सादर करा. माझ्यासारख्या होतकरू माणसाने यावरून जो नियम बांधला तो तर्कशास्त्राच्या कोणत्याही कसोटीस उतरला असता: ‘पुट अप’ म्हणजे सादर करणे, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे अमुकासह सादर करणे. रेन आणि मार्टिनच्या यादीत त्याच तीन शब्दांचा अर्थ ‘निमूटपणे सहन करणे’ असा दिलेला आहे, हे मी पाठ केलेले होते. पण यादी दप्तरात होती आणि मी कचेरीत.

पुढे एक फाइल मागवण्यात आली, तिच्यासोबत मॅनेजरसाहेबांचे जुने हुकूमही हवे होते, आणि ते हुकूम काही केल्या सापडेनात. मी अत्यंत अदबीने, सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘आय रिग्रेट, आय कॅनॉट पुट अप विथ द मॅनेजर्स ऑर्डर्स.’ खाली सही आणि तारीख.

अर्ध्या तासाने हेडक्लार्क माझ्या मेजापाशी आले. त्यांच्या मुद्रेवर, दुसऱ्याचे होणारे नुकसान प्रथम आपल्याला कळल्याचा जो एक विशेष गंभीर आनंद असतो, तो झळकत होता. ते म्हणाले, “साहेब तुम्हांला ‘ओव्हर द कोल्स हॉल’ करणार आहेत.” म्हणजे खरडपट्टी काढणार आहेत, हे मला उमगले नाही. आता हॉलेज म्हणजे दोरखंडाने कोळशाचे टब ओढणारे यंत्र, हे राजुरात पाळण्यातल्या पोरासही ठाऊक, तेव्हा माझी बदली हॉलेजवर झाली असून यापुढे मला कोळशावरून ओढाओढ करावी लागणार, एवढाच बोध मला झाला, आणि पगार तोच राहणार का, असे मी त्यांना विचारलेही. साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा त्यांच्या हाती माझा कागद होता. “म्हणजे तुम्ही मला सहन करू शकत नाही तर?” या अर्थाचे त्यांनी इंग्रजीतून, माझेच तीन शब्द वापरून विचारले. मी प्रामाणिकपणे उत्तरलो, “नो सर. बट आय विल ट्राय टु पुट अप विथ यू टुमॉरो मॉर्निंग.” साहेबांनी हातातला पेपरवेट खाली ठेवला, चष्मा काढला, आणि डोळ्यांवर रुमाल धरून ते बराच वेळ हलत राहिले. ते हसत होते हे मला बाहेर आल्यावर शिपायाने सांगितले.

माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सिंगरेणीच्या खाणींकडून आलेले एक तेलुगुभाषी ओव्हरमन, म्हणजे खाणीत कामावर देखरेख करणारे गृहस्थ, राहत. ही हकीकत कानावर येताच त्यांनी माझ्यापुढे एक तह मांडला: त्यांनी मला इंग्रजी शिकवावे आणि मी त्यांना मराठी. छत्तीसगढपासून तेलंगणापर्यंतची माणसे एका चाळीत नांदवणाऱ्या आमच्या वसाहतीत हिंदीवर सर्वांचे भागत असे. परंतु ओव्हरमनसाहेब परीक्षा देऊन वर चढलेले, त्यांना प्रत्येक गोष्ट नियमाने शिकण्याची हौस. त्यांनी दोन आण्यांची वही आणली, तिच्यावर ‘मराठी’ असे लिहिले आणि पहिल्याच संध्याकाळी विचारले, “बाबू, ‘लागणे’ म्हणजे काय?”

मी म्हटले, स्पर्श होणे. दगड लागतो, ठेच लागते, मार लागतो. त्यांनी लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ते जरा त्रासिक चेहऱ्याने आले. बाजारात त्यांनी कोणाला तरी भूक लागलेली ऐकली होती. मी म्हटले, तेही बरोबर. तिसऱ्या दिवशी भट्टीला आग लागली, टाइमकीपरच्या मुलास नोकरी लागली, शाळेचा निकाल लागला, आणि एका पोरीस हळद लागली. आठवडा संपेतो पाऊस लागला, दार लागले, वेड लागले, गाय दूध देऊ लागली, तिचे दूध तिच्या मालकाच्या पोराला लागले, आणि खुद्द मालक वाईट माणसाच्या नादी लागला. ओव्हरमनसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे असे पाहिले की, रेन आणि मार्टिनकडे मी ज्या नजरेने पाहत असे तीच ही नजर, हे मी तत्काळ ओळखले. इतकी वर्षे ‘गेट’ आणि ‘पुट’ यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या माझ्याच घरात हा असला धातू राहत होता, माझ्याच ताटात जेवत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! ‘पडणे’ आणि ‘खाणे’ यांची चौकशी त्यांनी करू नये म्हणून मी त्या दिवशी विषय बदलला. कारण ज्या भाषेत माणूस शपथही खातो, हवाही खातो, मारही खातो, भावही खातो आणि लाचही खातो, तिच्या भोजनव्यवस्थेचा खुलासा परक्या माणसापुढे करणे मला लज्जास्पद वाटले.

व्हायचा तो प्रसंग अखेर झालाच. एके दिवशी दुसऱ्या पाळीच्या वेळी खालून एक चिठ्ठी वर आली. ओव्हरमनसाहेबांनी ती मोठ्या अभिमानाने मराठीत लिहिली होती: ‘आज फेसवर माझा डोळा लागला.’ मी चरकलो. खाणीच्या नियमांत कामावर असताना झोप घेण्यास सक्त मनाई आहे, आणि येथे खुद्द ओव्हरमन, ज्याने इतरांच्या झोपा मोडायच्या तो, स्वतःच्या झोपेची लेखी कबुली पाठवीत होता. स्नेह मोठा की कर्तव्य मोठे, या विवंचनेत घटकाभर घालवून मी जड अंतःकरणाने चिठ्ठीचे इंग्रजी भाषांतर करून वर पाठवले. पाळी सुटल्यावर डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी बांधलेले ओव्हरमनसाहेब दारात उभे. कोळशाची ढलपी उडून डोळ्याला लागली होती. आणि दगड लागतो, ठेच लागते, तर डोळाही लागणारच, हा माझ्याच शिकवणीचा न्याय त्यांनी चालवला होता. कैफियत, जबाब, पुन्हा भाषांतर, पुन्हा शेरा असे होऊन ते प्रकरण मिटले. माझ्या ‘पुट अप’ची परतफेड त्यांच्या ‘डोळ्या’ने झाली, आणि आमचा हिशेब चुकता झाला.

वास्तविक ‘फेस’ या शब्दासच आमच्याकडे स्वतंत्र प्रकरण दिले पाहिजे. खाणीत जेथे प्रत्यक्ष कोळसा फोडला जातो त्या जागेस इंग्रज ‘फेस’, म्हणजे तोंड म्हणतो, आणि छत्तीसगढी, तेलुगू, वऱ्हाडी असे सगळेच कामगार तो शब्द जसाच्या तसा वापरतात. मराठीत फेस तोंडाला येतो. इंग्रजीत तोंडच फेस असते. त्यामुळे फेसवर आठ तास राबून तोंडाला फेस आला, हे जे वाक्य आमचा लोडर पाळी सुटल्यावर बोलत असे, ते इंग्रजी की मराठी याचा निवाडा करणे एखाद्या भाषापंडितासही जड गेले असते.

याच सुमारास मला एका जुन्या मासिकात ओग्डेन नामक इंग्रज पंडिताची हकीकत वाचावयास मिळाली. सगळ्या जगाला इंग्रजी सुलभ व्हावी म्हणून या परोपकारी माणसाने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांची एक आटोपशीर इंग्रजी सिद्ध केली, आणि तिच्यात क्रियापदे ठेवली फक्त १८. मी हर्षभरित होऊन ती ओव्हरमनसाहेबांना दाखवली. त्यांनी यादीवरून बोट फिरवले: कम, गेट, गिव्ह, गो, मेक, पुट, टेक... बोट ‘पुट’वर थांबले. “बाबू,” ते म्हणाले, “याने चोर तेवढे ठेवले आणि साव सगळे हाकलले.” ते खोटे नव्हते. ‘टॉलरेट’ हा भारदस्त, सरळमार्गी शब्द काढून टाकल्यावर सहन करण्यासाठी जगाला ‘पुट अप विथ’खेरीज गती ती कोणती?

चुन्याचे प्रकरण मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात दोष सर्वस्वी माझा होता. पानास चुना लावतात एवढे सांगून मी थांबलो आणि पुढचा लाक्षणिक अर्थ सांगावयास विसरलो. राजुरासारख्या चुन्याच्या गावात, भर बाजारात, पानठेल्यावर उभे राहून ओव्हरमनसाहेब मोठ्याने म्हणाले, “भाऊ, मला चुना लाव.” ठेलेवाल्याने काडी हातात तशीच धरून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हटले, “सायेब, तो त आमी रोजच लावतो.”

कोळशाकडे परत येतो. पुढे केव्हातरी मला असे आढळले की, इंग्रजीतील ‘कोल’ या शब्दाचा जुना अर्थ खाणीतला दगडी कोळसा असा नव्हताच. तो होता निखारा, जळते किंवा विझलेले लाकूड. जमिनीतला कोळसा वेगळा ओळखू यावा म्हणून इंग्रज त्याला ‘सागरी कोळसा’ म्हणत, आणि ज्या ‘कोल्स’वरून मला ओढले जाणार होते तेही निखारेच होते, म्हणजे हेडक्लार्कांनी वर्णिलेली शिक्षा मी समजलो होतो त्याहून पुष्कळच तापदायक होती. मराठीने ही भानगड ठेवलेली नाही. लाकडाचा असो की खाणीचा, आम्ही त्याला कोळसाच म्हणतो आणि उगाळला तरी काळाच राहतो एवढी नोंद करून सोडून देतो.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघे ओट्यावर चहा घेत बसलो असता वसाहतीचा परीट वणीकडून सायकल ढकलीत आला. कॅरियरवर गच्च भरलेले पोते, आणि पोत्याच्या उसवलेल्या कोपऱ्यातून काळा भुगा सांडत रस्त्यावर रेघ उमटलेली. मी उठून उभा राहिलो. ज्याच्या शोधात मी मॅट्रिकपासून होतो तो मनुष्य साक्षात समोरून चालत येत होता. राजुरात, खाणीच्या तोंडाशी, जेथे कोळशाचे डोंगर रचून ठेवलेले, तेथे हा इसम विकतचा कोळसा घेऊन शिरत होता. मी ओव्हरमनसाहेबांना इंग्रजीतून ती म्हण सांगितली, न्यूकॅसल सांगितले, टाइन नदी आणि अथेन्सची घुबडेसुद्धा सांगितली, आणि मग परटाला थांबवून विचारले, “काय रे, राजुरास कोळसा?”

परटाने सायकल भिंतीला टेकवली. माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे आणि मग माझ्याकडे त्याने पाहिले.

“बाबूजी,” तो म्हणाला, “तुमच्या खानीतला कोयसा इस्तरीत टाकला त नुसता धूर. सायबाच्या पांढऱ्या बुशकोटाले डाग पडला त कोन भरून देईन? इस्तरीले लाकडाचाच कोयसा लागते.”

ओव्हरमनसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, खिशातून वही काढली, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले, आणि माझ्याकडे वळून विचारले, “बाबू, हे कितवे?”